विश्लेषण : शिडाच्या नौकेसाठी दुर्बीण कोणती? जास्त ‘झूम’ म्हणजे जास्त सुरक्षित नव्हे!

गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ने दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि त्यानंतर शिडाच्या नौकानयनाविषयी भारतात कुतूहल वाढले. मुंबई बंदर, मांडवा आणि गोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे या हंगामात छोट्या शिडाच्या नौका घेऊन जाणारे हौशी नाविक आता दिसतात. जीवरक्षक जॅकेट, व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस यांच्या खरेदीत ते चोखंदळ असतात. दुर्बीण मात्र ऑनलाइन सेलमध्ये सर्वांत मोठा आकडा पाहून घेतली जाते आणि नेमकी हीच निवड बहुतेक वेळा चुकते. समुद्रावर जास्त पटीची दुर्बीण कमी दाखवते. असे का, आणि मग घ्यावी कोणती?

दुर्बिणीवरील ७×५० या आकड्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ७×५० म्हणजे सात पट आणि ५० मिमीचे भिंग. या दोन आकड्यांतून तिसरा, सर्वांत महत्त्वाचा आकडा निघतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ७×५० मध्ये तो ७.१ मिमी असतो, १०×५० मध्ये ५ मिमी, १०×४२ मध्ये ४.२ मिमी आणि १२×३६ मध्ये फक्त ३ मिमी.

अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिमीपर्यंत उघडते. तेवढाच रुंद झोत आला तर डोळा जितका प्रकाश घेऊ शकतो तितका त्याला मिळतो. दुसऱ्या महायुद्धात नौदलांनी ७×५० ही दुर्बीण मोठ्या प्रमाणावर वापरली, त्यामागे हाच हिशेब होता. दिवस मावळताना आणि रात्री ७×५० मधून डोळ्याला १०×४२ च्या जवळपास तिप्पट प्रकाश मिळू शकतो.

वयाबरोबर बाहुली कमी उघडते. पन्नाशी-साठीनंतर अनेकांची बाहुली पाच ते सहा मिमीवरच थांबते. मग त्यांना ७ मिमीचा झोत वाया जातो का? प्रकाशाच्या बाबतीत थोडा जातो. पण हलत्या नौकेवर रुंद झोताचा दुसरा फायदा वयावर अवलंबून नाही. डोळा भिंगासमोरून दोन-तीन मिमी सरकला तरी चित्र काळे पडत नाही. अरुंद झोताच्या दुर्बिणीत प्रत्येक लाटेला चित्र कडेने झाकोळते आणि पाहणाऱ्याचा अर्धा वेळ डोळा जागेवर आणण्यातच जातो.

दहा किंवा बारा पट मोठे दिसले तर बिघडले कुठे?

दुर्बीण वस्तू मोठी करते, तशी हालचालही मोठी करते. होडी एका अंशाने हलली की सात पटीच्या दुर्बिणीत चित्र सात अंश सरकते, बारा पटीत बारा अंश. त्यात पट वाढली की दृश्याचा घेर आक्रसतो. चांगल्या ७×५० चा घेर साधारण साडेसात अंश असतो, म्हणजे एक किलोमीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचे दृश्य. बारा पटीच्या दुर्बिणीत तो पाच अंशांच्या आसपास, म्हणजे ८७ मीटर.

नौका मध्यापासून तीन अंश डोलली, तर साडेसात अंशांच्या घेरात बोया अजून चित्रातच असतो. पाच अंशांच्या घेरात तो बाहेर गेलेला असतो आणि पुन्हा शोधावा लागतो. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवर उभे राहून, कठड्याला टेकून दहा पटीची दुर्बीण वापरता येते. शिडाची नौका एका बाजूला कललेली असते, एक हात सुकाणूवर असतो आणि दुसऱ्या हातात दुर्बीण असते. म्हणून एकाच दुर्बिणीची शिफारस दोन्हींसाठी करता येत नाही.

सात पट पुरते का, हेही तपासून पाहता येते. बोयाच्या माथ्यावर एक मीटर आकाराची खूण असेल, तर दोन किलोमीटरवरून ती साधारण १.७ कला इतकी दिसते. साठ कला म्हणजे एक अंश. निरोगी डोळ्याची मर्यादा सुमारे एक कला, म्हणजे नुसत्या डोळ्याला फक्त ठिपका दिसेल. सात पटीत तीच खूण १२ कला होते आणि तिचा आकार ओळखता येतो. दहा पटीत ती १७ कला होईल, पण चित्र स्थिर राहिले तरच.

नौकेवरून किती दूरचे दिसते?

शिडाच्या नौकेत बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून साधारण दोन मीटर उंच असतो. तेवढ्या उंचीवरून क्षितिज फक्त पाच किलोमीटरवर असते. पृथ्वीच्या वक्रतेपलीकडे कोणतीही दुर्बीण पाहू शकत नाही. जहाज उंच असल्याने त्याचा वरचा भाग आधी दिसतो. पाण्यापासून ३० मीटर उंच असलेला ब्रिज सुमारे २४ किलोमीटरवरूनही क्षितिजावर डोकावू शकतो. छोटी मासेमारी होडी मात्र खूप जवळ आल्यावरच दिसते.

आता वेग पाहू. समोरून १८ नॉटने येणारे जहाज आणि पाच नॉटने जाणारी शिडाची नौका एकमेकांकडे २३ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ४२ किलोमीटरने सरकतात. पाच किलोमीटर अंतर सात मिनिटांत संपते. या सात मिनिटांत ‘हे काय आहे, कुठल्या दिशेने चालले आहे आणि आपल्याला वळायला हवे का’ एवढे ठरवायचे असते. जहाजाचे नाव वाचण्याची गरज क्वचितच पडते.

रात्री दुर्बिणीचा उपयोग काय?

रात्री समुद्रावर माहिती रंगांतून मिळते. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. समोर फक्त लाल दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर ते थेट आपल्या दिशेने येत आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांनुसार ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाच्या बाजूच्या दिव्यांचा किमान पल्ला तीन सागरी मैल असतो, तर १२ मीटरपेक्षा लहान नौकेच्या दिव्यांचा फक्त एक मैल. २३ नॉटच्या वेगाने तीन मैल म्हणजे आठ मिनिटांपेक्षाही कमी वेळ. भरपूर प्रकाश घेणारी दुर्बीण तोच रंग नुसत्या डोळ्यांपेक्षा आधी दाखवते. मिळालेली दोन-तीन मिनिटे हीच तिची खरी किंमत.

बाजारातल्या लाल चकचकीत भिंगांच्या दुर्बिणींपासून सावध राहायला हवे, ते याचसाठी. ‘रुबी कोटिंग’ म्हणून विकला जाणारा हा थर लाल प्रकाश परतवून लावतो, म्हणूनच भिंग लाल दिसते. जो लाल प्रकाश बाहेर परतला, तो डोळ्यापर्यंत कमी पोहोचतो आणि चित्रावर हिरवट झाक येते. पिकनिकला चालेल, पण ज्या ठिकाणी लाल दिवा ओळखणे हाच जीवनमरणाचा प्रश्न असू शकतो, तिथे ही दुर्बीण नकोच. ‘डे अँड नाइट व्हिजन’ असे छापलेल्या स्वस्त दुर्बिणीतही रात्री पाहण्याचे कोणतेही विशेष यंत्र नसते.

मुंबईच्या पाण्यात नेमके पाहायचे काय?

कुलाब्याच्या दक्षिणेला प्रॉन्ग्ज रीफचे दीपगृह, पुढे दक्षिणेकडे थळच्या समोर खांदेरी बेटावरील दीपगृह आणि शेजारी उंदेरी. या मोठ्या खुणा दिवसा सहज दिसतात. कसोटी लागते ती लहान गोष्टींची. डोल जाळ्यांचे खुंट, जाळ्यांवर तरंगणारे प्लास्टिकचे कॅन, बांबूला बांधलेला काळा झेंडा, दिवा नसलेली होडी. इंजिन चालू असताना जाळे पंख्यात गुंतले की नौका जागीच अडकते. यातले काहीही एआयएसच्या पडद्यावर नसते आणि लहान रडारवर दिसण्याची खात्री नसते.

तरंगणाऱ्या वस्तूंचा धोकाही काल्पनिक नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा ‘चित्रा’वरील शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि बंदराची वाहतूक काही दिवस विस्कळीत झाली. अर्धवट बुडालेला कंटेनर कोणताही संदेश पाठवत नाही. तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.

बोयांचे रंगही महत्त्वाचे. भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवतात. धोक्याच्या जागेची दिशा सांगणारे बोये पिवळे-काळे असतात आणि त्यांच्या माथ्यावर दोन शंकू असतात. दोन्ही टोके वर असतील तर सुरक्षित पाणी उत्तरेला, दोन्ही खाली असतील तर दक्षिणेला. संधिप्रकाशात डोळ्याची रंग ओळखण्याची क्षमता आधी कमी होते आणि लाल बोया काळपट दिसू लागतो. त्या वेळी शंकूंचा आकार आणि उरलासुरला रंग, दोन्हींसाठी प्रकाश लागतो.

एआयएस आणि जीपीएस असताना दुर्बीण हवीच कशाला?

टक्करप्रतिबंधक नियमांतील पाचवा नियम प्रत्येक नौकेला दृष्टी, श्रवण आणि उपलब्ध सर्व साधनांनी सतत टेहळणी ठेवायला सांगतो. यात दृष्टी पहिली आहे. शीड आहे म्हणून मोठे जहाज वाट देईल, हा समजही धोक्याचा. अरुंद मार्गातच चालू शकणाऱ्या जहाजाच्या वाटेत शिडाच्या नौकेने अडथळा आणू नये, असे नववा नियम सांगतो. मुंबई बंदराच्या जलमार्गात आत-बाहेर करणाऱ्या जहाजांना हे लागू होते. त्यामुळे आधी ओळखून बाजूला होण्याची जबाबदारी लहान नौकेवरच येते.

दुर्बिणीतला कंपास खरोखर उपयोगी आहे का?

चैनीच्या वाटणाऱ्या सुविधांमध्ये पैसे घालण्याजोगी एकच सुविधा असेल तर ती ही. कंपास असलेल्या सागरी दुर्बिणीत वस्तूबरोबरच तिची दिशा अंशांत दिसते. समोरच्या जहाजाची दिशा आता ०४५ अंश आहे, दोन मिनिटांनी ०४५, चार मिनिटांनीही ०४५ आणि जहाज मोठे होत चालले आहे, तर टक्कर होण्याचा धोका आहे. हाच सातव्या नियमाचा गाभा. आकडा स्पष्टपणे बदलत असेल तर जहाज सहसा पुढून किंवा मागून निघून जाईल. मात्र खूप मोठे जहाज किंवा अगदी जवळचे जहाज असेल तर आकडा बदलत असतानाही सावध राहावे लागते. नौका डोलत असल्याने एका वाचनावर विसंबू नये. तीन वाचने घेऊन मधला आकडा धरावा. मोबाइल आणि स्पीकर जवळ ठेवू नये. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक असल्याने हिशेब आणखी सोपा होतो.

काही दुर्बिणींत बारीक रेघांची पट्टीही असते. वस्तूची उंची ठाऊक असेल तर अंतर काढता येते. उंची मीटरमध्ये घ्यावी आणि पट्टीवर दिसलेल्या ‘मिल’च्या आकड्याने भागावी, उत्तर किलोमीटरमध्ये येते. ४० मीटर उंचीचा मनोरा १० मिल दिसला तर तो चार किलोमीटरवर आहे. नकाशातली दिव्याची उंची भरतीच्या पातळीपासून मोजलेली असते. मुंबईत उधाणाच्या दिवशी ओहोटीला पाणी चार मीटर खाली गेले, तर या उत्तरात सुमारे दहा टक्के फरक पडतो.

कंपास विकत घेताना एक गोष्ट विचारायची. चुंबकसुई पृथ्वीवरच्या ठरावीक पट्ट्यासाठी समतोल केलेली असते. परदेशातून मागवलेली दुर्बीण कोणत्या पट्ट्यासाठी आहे, हे आधी पाहावे, नाहीतर तबकडी तिरकी होऊन अडकते.

फोकस कोणता चांगला?

पक्षीनिरीक्षणाच्या दुर्बिणीत मध्ये एक चाक असते आणि प्रत्येक अंतरासाठी ते फिरवावे लागते. सागरी दुर्बिणीत दोन्ही डोळ्यांचे फोकस वेगवेगळे असतात. एकदा आपल्या डोळ्यांप्रमाणे लावले की साधारण २० मीटरपुढचे सारे स्पष्ट दिसते. चाक नसल्याने पाणी आत शिरण्याची एक वाटही बंद होते. काही कंपन्या याला ‘ऑटो फोकस’ म्हणतात. आत कोणतेही स्वयंचलित यंत्र नसते. अडचण एकच. नौकेवर तिघे वेगळ्या नजरेचे असतील तर प्रत्येकाला आपापला आकडा लक्षात ठेवावा लागतो. चष्मा लावून पाहणाऱ्यांनी भिंगापासून डोळ्यापर्यंतचे अंतर किमान १५-१६ मिमी आहे का, हे पाहावे.

पाणी, मीठ आणि बुरशी यांचे काय?

‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे शिंतोडे सोसणारी, ‘वॉटरप्रूफ’ वेगळी. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकणारी. नौकेवर किमान ही पातळी हवी. आत कोरडा नायट्रोजन भरलेला असेल तर थंड केबिनमधून दमट हवेत आणल्यावर भिंगाच्या आतल्या बाजूला धुके धरत नाही.

आपल्याकडे मोठा शत्रू पावसाळा. जूनमध्ये नौका किनाऱ्यावर येते आणि दुर्बीण चामड्याच्या पेटीत, कपाटात चार महिने पडून राहते. ऑक्टोबरमध्ये भिंगावर बुरशीचे जाळे दिसते. बंद डब्यात सिलिका जेल ठेवून हे टाळता येते. फेरीनंतर भिंगावर वाळलेले मीठ रुमालाने पुसू नये. मिठाचे कण थरावर ओरखडे काढतात. दुर्बीण खरोखर वॉटरप्रूफ असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवावी, मगच पुसावी. ७×५० चे वजन एक किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते, त्यामुळे हातातून सुटली की थेट तळाशी जाते. तरंगणारा पट्टा स्वस्त असतो. तो दुर्बिणीबरोबरच घ्यावा.

चित्र स्थिर करणाऱ्या दुर्बिणी हे उत्तर नाही का?

अर्धे उत्तर आहे. कॅननसारख्या कंपन्यांच्या ‘इमेज स्टॅबिलायझर’ दुर्बिणी हाताची थरथर फार सुंदर काढून टाकतात. पण त्यांची दुरुस्तीची मर्यादा साधारण एक अंशाच्या आसपास असते आणि नौकेचे डोलणे त्याहून मोठे असते. फुजिनॉनच्या ‘टेक्नो-स्टॅबी’ मालिकेतील १४×४० सारखी दुर्बीण पाच अंशांच्या आसपासची हालचाल सावरते, म्हणून ती समुद्रावर जास्त कामाची. मात्र तिचा प्रकाशझोत तीन मिमीपेक्षाही कमी, म्हणजे रात्री ती मागे पडते. शिवाय किंमत जास्त आणि बॅटरी संपली की हातात उरते ती चौदा पटीची साधी दुर्बीण. दिवसा दूरच्या बोयाचा क्रमांक वाचायला ही उत्तम दुसरी दुर्बीण आहे. पहिली आणि एकमेव म्हणून नाही.

दुकानात काय तपासावे?

पाच मिनिटांत चार गोष्टी पाहता येतात. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करावी. मागच्या भिंगात दिसणारा प्रकाशाचा ठिपका पूर्ण गोल हवा. कडा करड्या आणि ठिपका चौकोनी वाटला तर आतले प्रिझम हलके आहेत. दुसरे, समोरच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कड पाहत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्यावी. दोन चित्रांतली कड वर-खाली झाली तर दोन्ही नळ्या समांतर नाहीत आणि अर्ध्या तासात डोके दुखणार. तिसरे, माहितीपत्रकात ‘फुली मल्टि-कोटेड’ हे शब्द हवेत. थर नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परत जातो. असे दहा पृष्ठभाग असतील तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच संपतो. चौथे, शक्यतो संध्याकाळी जाऊन रस्त्यापलीकडच्या सावलीत पाहावे. भर दुपारी सगळ्याच दुर्बिणी चांगल्या वाटतात. ‘१० ते ३० पट झूम’ असे लिहिलेली दुर्बीण मात्र न तपासताच बाजूला ठेवावी. पट वाढवली की चित्र अंधारते, घेर आक्रसतो आणि समुद्रावर ती पट वापरताच येत नाही.

मग निवड कोणती?

रात्री किंवा पहाटे पाण्यात असणाऱ्या प्रत्येक नौकेवर कंपास असलेली, वॉटरप्रूफ, नायट्रोजन भरलेली ७×५० हवी. पैसे कमी असतील तर पट वाढवण्याऐवजी कंपास वगळावा आणि हातात धरायचा स्वस्त कंपास वेगळा घ्यावा. फक्त दिवसा, मांडव्यापर्यंत जाऊन परतणाऱ्यांना किंवा ज्यांच्या मनगटाला एक किलो जड जाते त्यांना ७×३० किंवा ७×३५ पुरेशी आहे. हलकी दुर्बीण प्रत्यक्षात वापरली जाते, आणि वापरलेली साधी दुर्बीण न वापरलेल्या महागड्या दुर्बिणीपेक्षा नक्कीच बरी. घरात पक्षी पाहण्याची ८×४२ वॉटरप्रूफ दुर्बीण असेल तर पहिल्या हंगामात तीही चालेल.

तिची जागाही तितकीच महत्त्वाची. केबिनच्या कप्प्यात, पेटीत बंद असलेली दुर्बीण काढेपर्यंत सातपैकी दोन मिनिटे गेलेली असतात. सुकाणूवर बसलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशा खणात, झाकणाशिवाय ती ठेवावी आणि दर दहा मिनिटांनी क्षितिजावरून एकदा फिरवावी. शिडामागे झाकली जाणारी बाजू पाहायला विसरू नये. जहाज तिथूनही येऊ शकते.